मुरबाड-शहापूरच्या शेतासाठी छोटा ट्रॅक्टर: घेण्याआधी, घेताना आणि घेतल्यावर

ठाणे, डोंबिवली, ऐरोली, नेरूळ अशा ठिकाणी राहून शनिवारी पहाटे मुरबाड किंवा शहापूर गाठणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे. कुणाची वडिलोपार्जित जमीन असते, कुणी नोकरी सांभाळून घरच्या शेतीत नव्याने लक्ष घालतं. माझी मुरबाड तालुक्यात थोडी भातखाचरं, थोडं वरकस (उताराची हलकी जमीन) आणि आंब्या-काजूची लहानशी बाग आहे, आणि या सगळ्यावर गेली काही वर्षं एक छोटा ट्रॅक्टर चालतो. त्यामुळे ओळखीत कुणाला ट्रॅक्टर घ्यायचा असला की मला फोन येतो. पहिला प्रश्न ठरलेला: ‘किती एचपीचा घेऊ?’ मी तो प्रश्न थोडा मागे ढकलतो. आपल्या भागात ट्रॅक्टरचं खरं माप शेतात जायच्या वाटेवरून आणि आषाढातल्या चिखलावरून ठरतं.

१. ट्रॅक्टर लागतो का, ते आधी ठरवा

दहा-वीस गुंठ्यांवर घर, चार आंबे आणि भाजीचे वाफे असतील तर ट्रॅक्टर विसरा. गवतासाठी पाठीवरचा ब्रश कटर आणि वर्षातून एकदा भाड्याचा ट्रॅक्टर, एवढ्यात भागतं. एकर-दोन एकर निव्वळ भात असेल तर पॉवर टिलर बघा. बारा-पंधरा एचपीचा टिलर लहान खाचरात जसा वळतो तसा कुठलाही ट्रॅक्टर वळत नाही, आणि किंमतही बरीच कमी. फक्त दिवसभर त्याच्यामागे चिखलातून चालायची ताकद हवी. पन्नाशीनंतर हा मुद्दा कागदावर दिसतो त्यापेक्षा मोठा असतो.

तीन एकरांच्या पुढे, किंवा भात आणि बाग दोन्ही असेल, तर छोट्या ट्रॅक्टरचा विचार करण्यात अर्थ आहे. तरीही एकदा हिशेब मांडा. खाचरात छोट्या ट्रॅक्टरला चिखलणीसाठी (लावणीआधी पाण्यात माती घोळून चिखल करण्यासाठी) एकरी साधारण तीन-चार तास लागतात. त्यात उन्हाळी नांगरट, भात निघाल्यावर वालासाठी एक फेरी, बागेतलं गवत आणि शेणखताची वाहतूक धरली तर तीन-साडेतीन एकरांवर वर्षाला साठ-सत्तर तास काम निघतं. हे तास तुमच्या गावच्या भाड्याच्या दराने गुणा आणि शेजारी कर्जाचा वर्षाचा हप्ता लिहा. बहुतेकांच्या कागदावर भाडंच स्वस्त पडेल.

मग घ्यायचा कशाला? जुलैत पाऊस लागला की सगळ्या गावाला एकाच आठवड्यात चिखलणी हवी असते. भाड्याचा ट्रॅक्टर गाववाल्यांचं उरकून तुमच्याकडे येईपर्यंत आवण (लावणीची भातरोपं) म्हातारं होतं, गड्यांचा दिवस फुकट जातो आणि तुमची रजा संपते. शहरातून शेती करणाऱ्याला ट्रॅक्टर ही वेळ मिळवून देतो. पैसे वाचतील या आशेने घेऊ नका.

२. शेत मोजा, पण टेप घेऊन वाटेवरून चाला

सातबाऱ्यावरचं क्षेत्र इथे उपयोगाचं नाही. रस्त्यापासून सर्वात आतल्या खाचरापर्यंत चालत जा आणि या गोष्टी लिहून काढा:

- वाटेतली सर्वात अरुंद जागा. फाटक, दोन बांधांमधली पाणंद, ओढ्यावरची मोरी.
- बांधांची उंची, आणि एका खाचरातून दुसऱ्यात उतरायला उतार आहे का.
- सर्वात लहान खाचराची लांबी-रुंदी. अवजारासह ट्रॅक्टर वळायला निदान पंधरा-सोळा फूट मोकळी जागा हवी.
- झाडांच्या सर्वात खालच्या फांद्या जमिनीपासून किती वर आहेत.
- पावसाळ्यात कुठे गुडघाभर गाळ होतो. हे गावातल्या जुन्या माणसाला विचारा. मे महिन्यात नुसतं बघून कळत नाही.

वीस-पंचवीस एचपीचा छोटा ट्रॅक्टर साधारण सव्वातीन ते चार फूट रुंद असतो आणि वजन ढोबळमानाने सहाशे ते नऊशे किलो. पंचेचाळीस एचपीचा नेहमीचा ट्रॅक्टर सहा फुटांच्या आसपास रुंद आणि दोन टनांच्या घरात. त्यामुळे कित्येक शेतांत मोठा ट्रॅक्टर पोहोचतच नाही आणि इथेच निवड संपते.

मोठा सापळा वाटेचाच आहे. मेमध्ये शेजाऱ्याच्या मोकळ्या रानातून ट्रॅक्टर आरामात जातो. जुलैत त्याच जागी लावणी झालेली असते आणि त्याच्या भातातून तुम्हाला कोण जाऊ देणार? नकाशावरची गाडीवाट किंवा वहिवाट आहे का, ते तलाठी कार्यालयात गावनकाशावर बघून घ्या. जुनी वाट कुणी अडवली असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली, आणि वाटच नसेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. पण हे दोन्ही रस्ते लांबचे. शेजाऱ्याशी बोलून, ‘तुझी चिखलणी आधी करून देतो, मग माझा ट्रॅक्टर आत नेतो, त्यानंतर तू लावणी कर’ असा क्रम ठरवलेला बरा. आमच्याकडे असंच चालतं.

३. आता एचपी, आणि त्याहून महत्त्वाच्या चार गोष्टी

इंजिनाची एचपी मोठ्या अक्षरात छापलेली असते. रोटाव्हेटरला (मागे जोडून फिरत्या पात्यांनी माती कापणाऱ्या अवजाराला) मिळते ती पीटीओ एचपी, म्हणजे मागच्या फिरत्या दांड्यापर्यंत पोहोचणारी ताकद. ती दोन-चार एचपीने कमीच असते. विचारायचं ते पीटीओ एचपीबद्दल. तीन-साडेतीन फुटी रोटाव्हेटर चिखलात नीट चालवायला इंजिनाची अठरा ते चोवीस एचपी पुरते. त्याखालचे अकरा-पंधरा एचपीचे ट्रॅक्टर कोळपणीला आणि आंतरमशागतीला चांगले, पण भारी काळ्या जमिनीत ते रडकुंडीला येतात.

फोर व्हील ड्राइव्ह. भात असेल तर घ्याच. टू व्हील ड्राइव्ह स्वस्त मिळतो, पण हलक्या ट्रॅक्टरची मागची दोन चाकं गाळात फिरत राहतात. निव्वळ सपाट बाग असेल तर मात्र तेवढा खर्च वाचवता येतो.

क्लच. सिंगल क्लच असेल तर क्लच दाबला की रोटाव्हेटरही थांबतो. बांधाजवळ वारंवार थांबून गिअर बदलताना याचा वैताग येतो. ड्युअल क्लच किंवा स्वतंत्र पीटीओ मिळत असेल तर थोडे जास्त पैसे द्या.

हायड्रॉलिकची उचल. या वर्गात पाचशे ते साडेसातशे किलो उचलणारे ट्रॅक्टर मिळतात. रोटाव्हेटर सहज उचलला जातो, पण चिखलाने भरलेला रोटाव्हेटर कोरड्यापेक्षा बराच जड असतो, हे ध्यानात असू द्या.

दोन चाकांमधलं अंतर. याबद्दल फारसं कुणी सांगत नाही. छोटे ट्रॅक्टर सर्वात जास्त खपतात ते नाशिक आणि जुन्नर-नारायणगावच्या द्राक्ष पट्ट्यात, आणि तिथे दोन ओळींतून जायला अंतर कमीत कमी ठेवलेलं असतं. माळशेज उतरून मुरबाडला येणारे वापरलेले ट्रॅक्टर बहुधा याच मापाचे. सपाट बागेत ते ठीक, आपल्या वरकसाच्या उतारावर मात्र अरुंद ट्रॅक्टर लवकर कलंडतो. बहुतेक मॉडेलमध्ये चाकाची रिम उलटी लावून अंतर वाढवता येतं. घेतल्याबरोबर ते करून घ्या.

मॉडेलची नावं सांगायची तर महिंद्रा जिवो २४५, कुबोटा निओस्टार ए२११एन, व्हीएसटी शक्ती एमटी १८०डी ही आपल्याकडे दिसणारी मंडळी. महिंद्राची ओजा मालिका २०२३ ची. यातलं अमुकच घ्या असं मी सांगणार नाही. तुमच्या गावापर्यंत ज्याचा मेकॅनिक जुलैच्या पावसात मोटरसायकलवर येतो, तो ट्रॅक्टर चांगला.

४. डीलरकडे जाताना

किंमत अवजारांशिवाय साधारण चार ते साडेसहा लाख धरा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला, आणि ट्रॅक्टरच्या टायर व सुट्या भागांवरचा १८ वरून ५ टक्के. कुणी जुनं दरपत्रक पुढे केलं तर तारीख बघा.

शोरूमच्या फरशीवर ट्रॅक्टर बघून काही कळत नाही. डीलरला विचारा, मुरबाड किंवा शहापुरात तुम्ही हाच ट्रॅक्टर कुणाला दिला आहे? त्या शेतकऱ्याकडे एक फेरी मारा. खरेदीच्या पहिल्या वर्षी सगळेच खूष असतात, म्हणून दोन पावसाळे झालेला माणूस शोधा. त्याला तीन प्रश्न विचारा: पुढच्या धुरीत (ॲक्सलमध्ये) पाणी गेलं का, सुटा भाग किती दिवसांत मिळाला, आणि परत घ्यायचा झाला तर हाच घेशील का.

कोटेशनवर ‘ॲक्सेसरीज’ म्हणून एकरकमी आकडा असेल तर फोड मागा. हूड (डोक्यावरचं छत), बंपर, टूल बॉक्स, ट्रॉलीचा हुक हे सगळं त्यात मोघम टाकलेलं असतं. विमा त्यांच्याकडूनच घ्यायला हवा असंही काही नाही.

वापरलेला घेत असाल तर इंजिन पूर्ण थंड असतानाच बघायला जा. विकणाऱ्याने आधीच चालू करून ठेवलेला असेल तर चहा घ्या, गप्पा मारा, थंड होऊ द्या. पुढच्या धुरीचं तेल थोडं काढून बघा. दुधाळ असेल तर आत पाणी गेलेलं आहे. आरसीवर बँकेचा बोजा आहे का, इंजिन आणि चॅसिस नंबर जुळतात का, हे स्वतः वाचा. मालकी बदलायला फॉर्म २९ आणि ३० लागतात, दुसऱ्या आरटीओच्या हद्दीतला असेल तर फॉर्म २८ ची एनओसीही. नाशिकचा एमएच-१५ ट्रॅक्टर ‘नंतर करू ट्रान्सफर’ म्हणून आणू नका. ते नंतर कधी येत नाही.

५. कागदपत्रं: अनुदान, नोंदणी, कर्ज, विमा

अनुदानाचा विचार असेल तर एक वाक्य पाठ करा: कृषी विभागाची पूर्वसंमती हातात आल्याशिवाय खरेदी नाही. अर्ज महाडीबीटी शेतकरी पोर्टलवर होतो आणि त्यासाठी ॲग्रीस्टॅकचा शेतकरी ओळख क्रमांक लागतो. पूर्वी सोडत निघायची, २०२५ पासून ‘प्रथम अर्ज, प्रथम प्राधान्य’ झालं आहे. अल्प-अत्यल्प भूधारक, महिला आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यांना ५० टक्के, इतरांना ४० टक्के असं म्हणतात खरं, पण वर कमाल मर्यादा असते. ट्रॅक्टरसाठी ती बरीच वर्षं सव्वा लाख आणि एक लाख अशी राहिली आहे. म्हणजे सहा लाखांचा ट्रॅक्टर तीन लाखांत पडत नाही. बजेट मांडताना अनुदान शून्य धरा, मिळालं तर रोटाव्हेटर निघेल.

अर्जासाठी आणि नंतर लागणारी कागदपत्रं:

- आधार, आणि आधारशी जोडलेलं बँक खातं
- डिजिटल सहीचा सातबारा आणि ८-अ (महाभूमीवर १५ रुपयांत मिळतो तो सातबारा चालतो)
- सामाईक सातबारा असेल तर इतर खातेदारांचं संमतीपत्र
- लागू असेल तर जातीचा दाखला
- डीलरचं कोटेशन आणि त्या मॉडेलचा अधिकृत तपासणी अहवाल. मध्य प्रदेशातल्या बुदनीच्या केंद्रीय संस्थेसारख्या ठिकाणी या चाचण्या होतात. अहवाल नसलेलं मॉडेल अनुदानात बसत नाही, आणि रोटाव्हेटरलाही हाच नियम.
- खरेदीनंतर जीएसटी बिल आणि बँकेतून पैसे दिल्याचा पुरावा. रोखीने देऊ नका.

सामाईक सातबारा हा ठाणे जिल्ह्यातला नेहमीचा अडथळा. पाच चुलत्यांची नावं आणि त्यातले दोघे कळव्याला, एक सुरतेला. संमतीपत्राची सुरुवात गणपतीत सगळे गावी येतात तेव्हा करा. पूर्वसंमती मिळाल्यावर तिची मुदत चालू होते आणि मग धावपळ होते.

नोंदणीचं काम डीलर करतो, पण फॉर्म २० (अर्ज), २१ (विक्री प्रमाणपत्र), २२ (रस्त्यायोग्यता) आणि कर्ज असेल तर ३४ या चारांवरचे तपशील, आणि जिथे असतं तिथे तुमचं नाव आणि पत्ता, नीट आहेत ना, ते बघा. शहरातला पत्ता दिला तर आरसीवर तोच येतो. अनुदानात आणि कर्जात पत्ते वेगवेगळे पडले की खुलासे देत बसावं लागतं. ट्रॉली घेणार असाल तर तिची नोंदणी वेगळी. रोटाव्हेटर, नांगर यांना नोंदणी नाही.

परवान्याबद्दल बरीच अफवा आहे. मोटार वाहन कायद्यात साडेसात हजार किलोंपर्यंतचा ट्रॅक्टर हलक्या मोटार वाहनाच्या व्याख्येतच येतो. तुमचा कारचा परवाना चालतो. गावातला जो पोरगा चालवणार आहे त्याच्याकडे मात्र परवाना असतोच असं नाही. विचारा आणि नसेल तर आधी काढायला लावा.

कर्ज काढताना ते वाहन तारण आहे की जमीन तारण, हे स्पष्ट विचारा. जमीन तारण असेल तर सातबाऱ्यावर बोजा चढतो आणि कर्ज फिटलं तरी आपोआप उतरत नाही. बँकेचा दाखला घेऊन तलाठ्याकडे फेरफार करावा लागतो, आणि आरसीवरचा बोजा फॉर्म ३५ ने वेगळा उतरवावा लागतो. दहा वर्षांनी जमिनीची वाटणी करताना हा बोजा सापडतो आणि ती बँक तोवर दुसऱ्या बँकेत विलीन झालेली असते.

विमा थर्ड पार्टीवर थांबवू नका. आणि शेतीच्या नावावर नोंदलेल्या ट्रॅक्टरने वीटभट्टीची माती किंवा रेती ओढू नका. भिवंडी-कल्याण पट्ट्यात हे सर्रास दिसतं, पण अपघात झाला की विमा कंपनी पहिला प्रश्न ट्रॉलीत काय होतं हाच विचारते. मडगार्डवर बसलेल्या माणसाचीही हीच गोष्ट.

६. अवजारं: एकदम सगळी घेऊ नका

पहिल्या वर्षी रोटाव्हेटर आणि केज व्हील (चिखलासाठीची लोखंडी पिंजऱ्यासारखी चाकं), बस. रोटाव्हेटरची रुंदी मागच्या दोन टायरांच्या बाहेरच्या कडांइतकी तरी हवी, नाहीतर स्वतःच्याच चाकोऱ्या मागे राहतात. भातासाठी घेत असाल तर बाजूचं ट्रान्समिशन गिअरचं घ्या आणि ऑइल सील चिखलात चालणारं आहे का ते विचारा. बाजारात स्वस्त मिळणारे काही रोटाव्हेटर कोरड्या रानाचे असतात आणि एका पावसाळ्यात त्यांचं बेअरिंग जातं.

दुसऱ्या वर्षी पाच दात्यांचा कल्टिव्हेटर आणि मागे लावायची लेव्हलिंगची फळी. ट्रॉली हवीशी वाटते, पण वर्षातून आठ-दहा फेऱ्यांसाठी घेण्यापेक्षा शेजाऱ्याची मागा.

खड्डे खोदायचं ऑगर बघायला फार आकर्षक असतं. मुरमाड जमिनीत काजूसाठी काम करतं. पण आंब्याला तीन फूट लांब-रुंद-खोल खड्डा हवा, फूटभराच्या भोकात कलम लावून उपयोग नाही. आणि खाली कातळ लागला तर ऑगरची पिन तुटते, कातळाला ओरखडाही जात नाही. भाड्याने आणा.

बागेतल्या गवतासाठी स्लॅशर चांगला. पेंढा-गवताला तबेल्यांकडून मागणी असतेच, तेव्हा सगळं गवत बारीक करून टाकायच्या आधी गावातल्या गवळ्याला विचारा.

७. तुमच्या शेताप्रमाणे बदल

चाकांमधलं अंतर वर आलंच. त्यानंतरचा मोठा बदल वजनाचा. मागे रोटाव्हेटर उचलला की हलक्या ट्रॅक्टरचं तोंड वर येतं, स्टिअरिंग हलकं लागतं आणि बांध चढताना पोटात गोळा येतो. कंपनीची पुढे लावायची वजनं घ्या. टायरमध्ये पाणी भरूनही वजन वाढतं, पण चिखलात जाण्याआधी ते काढावं लागतं, म्हणून भातवाल्यांनी पुढच्या लोखंडी वजनांवरच भागवावं.

हूड. आंब्याच्या बागेत उंच हूड फांद्यांना अडकतो. घडी होणारी आरओपीएस, म्हणजे मागची संरक्षक कमान, मिळत असेल तर ती घ्या आणि हूड सोडा; उन्हाला टोपी आहे. कमान उभी असेल तेव्हा पट्टा लावायचा, दुमडलेली असेल तेव्हा लावायचा नाही. उलट करणं धोक्याचं आहे.

मागच्या तीन सांध्यांवर, म्हणजे अवजार जोडतात तिथे, बसणारा लोखंडी डबा कुठलाही चांगला वेल्डर दोन दिवसांत करून देतो. खताच्या गोण्या, रोपं, पाण्याचे ड्रम, सगळं त्यातून जातं. माझ्या मते ट्रॉलीपेक्षा हाच जास्त कामाचा. दोन अटी: संरक्षक कमानीवर वेल्डिंग किंवा ड्रिलिंग अजिबात नाही, कारण मग ती उलटताना वाकते; आणि ट्रॅक्टरवर वेल्डिंग करताना बॅटरी सोडवून ठेवायची.

मोठे टायर, लांबवलेला चॅसिस, बदललेलं इंजिन असले उद्योग टाळा. वॉरंटी जाते, आणि आरसीवरच्या तपशिलात फरक पडेल असा बदल परवानगीशिवाय करायला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ची मनाई आहे. म्युझिक सिस्टिमबद्दल मी बोलत नाही. गावातल्या पोरांपुढे कुणाचं काही चालत नाही.

८. पहिले ५० तास

शोरूमवरून ट्रॅक्टर टेम्पोतून आणा. ताशी वीस-पंचवीस किलोमीटरने कल्याण-मुरबाड रस्त्यावर ट्रक मागे लावून चालवण्यात शहाणपण नाही.

पहिल्या पन्नास तासांत पूर्ण ताकदीचं काम काढू नका, आणि नुसता आयडलवर फडफडतही ठेवू नका. हलकी नांगरट, सपाटीकरण अशी मधली कामं द्या. म्हणजेच ट्रॅक्टर जूनमध्ये घेऊन थेट चिखलात घालू नका, मार्चमध्ये घ्या. पन्नास तासांची पहिली सर्व्हिस चुकवू नका, वॉरंटीचं पुस्तक तिच्या शिक्क्यावर चालतं.

९. चिखलणी

यासाठीच ट्रॅक्टर घेतला. आदल्या दिवशी खाचरात दोन-तीन इंच पाणी बांधून ठेवा, ढेकळं भिजू द्या. पाणी जास्त झालं तर माती कापली जात नाही, नुसती तरंगते. केज व्हील शेताच्या तोंडाशीच चढवा, डांबरी रस्त्यावर ती आणायची नाहीत.

फोर व्हील टाका, लो रेंजमधला दुसरा किंवा पहिला गिअर, पीटीओ ५४० (मिनिटाला ५४० फेरे) आणि रोटाव्हेटर चार-पाच इंचांपेक्षा खोल नाही. नवीन माणूस नेहमी खोल घालतो. भाताच्या खाचराखाली वर्षानुवर्षांच्या चिखलणीने बसलेला एक कडक थर असतो, पाणी धरून ठेवतो तो तोच. तो फोडला की पाणी खाली पळतं आणि पुढच्या वर्षी ट्रॅक्टरही तिथेच रुततो. जड ट्रॅक्टर खाचरात नको म्हणतात त्याचं कारणही हेच.

मधून सुरुवात करून बांधाकडे या, कोपरे फावड्याने. दोन आडव्या-उभ्या फेऱ्या, मग फळी, मग एक दिवस गाळ बसू द्या आणि लावणी.

डिफरन्शिअल लॉक (मागची दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरवणारा) फक्त सरळ चालताना. वळायच्या आधी सोडा, नाहीतर गिअरमध्ये आवाज येतो तो महागाचा असतो. शेतातून रस्त्यावर येताना फोर व्हीलही सोडायचा.

चाक जागेवर फिरायला लागलं की लगेच थांबा. ॲक्सिलरेटर दाबून ट्रॅक्टर बाहेर येत नाही, धुरीपर्यंत जातो. रोटाव्हेटर सोडवा, चाकांपुढची माती काढा, फळ्या घाला, आणि दुसरा ट्रॅक्टर आणून आलेल्या वाटेनेच मागे ओढा. साखळी खालच्या ड्रॉबारला, वरच्या टॉप लिंकला कधीच नाही. मागच्या चाकांना ओंडका बांधून बाहेर काढायची एक गावठी युक्ती सगळे सांगतात. चाकं अडकलेली असताना इंजिनाची सगळी ताकद पुढचं तोंड उचलण्यात जाते आणि ट्रॅक्टर मागे उलटायला दोन सेकंदही लागत नाहीत. तेवढ्यात उडी मारता येत नाही.

१०. उतार, बांध आणि फिरता दांडा

वरकसावर आडवं चालवू नका, वर-खाली चालवा. बांध काटकोनात ओलांडा, अवजार जमिनीपासून वीतभर वर, त्याहून उंच नाही. चढ फार उभा असेल तर मागे रिव्हर्समध्ये चढा. उतारावर क्लच दाबून किंवा न्यूट्रलमध्ये सोडायचं नाही.

पीटीओचं आवरण काढून ठेवायची सवय आपल्याकडे फार आहे, ग्रीस घालायला सोपं जातं म्हणून. ओढणी, गमछा, रेनकोटची दोरी यातलं काहीही त्या दांड्यात गेलं की माणूस ओढला जातो. पावसाळ्यात प्लास्टिकचे रेनकोट सगळेच घालतात, तेव्हा हे आणखी सांभाळा. रोटाव्हेटरमध्ये पेंढा अडकला तर आधी इंजिन बंद, चावी खिशात, मग हात.

११. पाऊस संपल्यावर

चिखलणी झाली त्याच संध्याकाळी ट्रॅक्टर धुवा. वाळलेला गाळ सीलच्या कडा कापतो. रेडिएटरची जाळी पेंढ्याने बुजते, ती मागून पुढे पाणी मारून साफ करा. सगळ्या ग्रीस निपलना ग्रीस घाला, जुनं चिखलाचं ग्रीस बाहेर पडून नवं दिसेपर्यंत. पुढच्या धुरीचं तेल प्रत्येक चिखलणीनंतर तपासा. दुधासारखं दिसलं तर सील बदला, ‘पुढच्या सर्व्हिसला बघू’ म्हणू नका.

शहरात राहणाऱ्यांचा ट्रॅक्टर आठवडे उभा राहतो, म्हणून डिझेलची टाकी भरून ठेवा. अर्धी टाकी दमट हवेत पाणी धरते. बॅटरीचा निगेटिव्ह सोडवा. शेडमध्ये पेंढा ठेवू नका. उंदीर पेंढ्यासाठी येतात आणि वायरिंग खातात.

मोठी सर्व्हिस भात झोडून झाल्यावर, पौषात म्हशाची जत्रा भरते त्या सुमाराला करून घ्या. तेव्हा मेकॅनिक मोकळा असतो आणि सुटे भाग मागवायला वेळ असतो. मे अखेरीला फोन केलात तर तुमचा नंबर लावणीनंतर लागेल.